चाळिसाला तीन कमी

२१ जुलै १९९५

बियाण्याच्या कंपनीने फुकट दिलेली ही डायरी जानेवारीपासून फळीवर पडून होती. आज तिच्यावरची धूळ झटकली. कारणच तसं आहे. तलवाड्यात आज पहिल्यांदा अकरावी विज्ञानाचा वर्ग भरला, आणि त्या वर्गाला रसायन आणि गणित हे दोन्ही विषय शिकवणारा माणूस मी, वीरेश मिटकरी. जीवशास्त्र तानाजी गव्हाणे सरांकडे आहे. भौतिकाचे सर गेवराईहून येतात, एसटी आली तर.

पहिल्याच तासाला ईश्वरी नावाच्या मुलीने माझी विकेट काढली. सिद्धलिंग वाण्याची मुलगी, किडकिडीत, पण बोलायला तिखट. भिंतीवरच्या तक्त्यात मूलद्रव्यं १०३, पुस्तकात १०५, आणि तिने पुड्या बांधायच्या रद्दीतून पेपरचं कात्रण आणलेलं, त्यात १११.

"सर, नेमकी किती हायेत?"

"मोजणं चालू आहे," मी म्हणालो. वर्ग हसला. उत्तर तसं खरंच होतं.

संस्थेचे अध्यक्ष भगवानराव यांनी जाताना आठवण दिली, "मास्तर, परवानगी कच्ची हाय बरं का. सप्टेंबरात शिक्षण खात्याचे साहेब येऊन डोकी मोजणार. चाळीस भरली तर वर्ग राहील, न्हाई तर कुलूप." त्यात काय अवघड आहे? मोजणं हा तर माझा धंदा.

२९ जुलै

संध्याकाळी माझी बायको रुद्राणी भाकरी थापत होती. मी सहज म्हणालो, आपल्या घरात मूलद्रव्यं किती सापडतील सांग बरं, पाच की सहा?

तिने तव्यावरची नजर न काढता मोजायला सुरुवात केली. तांब्याचं तांबं, तव्याचं लोखंड, पातेल्याचं ॲल्युमिनियम, गळ्यातलं सोनं, जोडव्यांची चांदी, कल्हईचं कथील, थर्मामीटरमधला पारा, खरजेसाठी आणलेलं गंधक, टॉर्चच्या सेलमधली कार्बनची काडी आणि सेलचं जस्ताचं डबडं. "आन् बल्बातल्या तारंला टंगस्टन म्हणत्यात न्हाई का? अकरा झाले."

मी चाट पडलो. अर्थात हे सगळं मीच तिला कधीतरी सांगितलेलं असणार. माझ्या संगतीत राहून तिला बरंच येऊ लागलंय.

जाता जाता नोंद: रसायनाच्या पुस्तकाच्या पानांना पीठ चिकटलेलं सापडलं. आमच्या मंजूला ताकीद दिली. दुसरीतल्या पोरीने अकरावीच्या पुस्तकाशी खेळायचं कारण नाही.

५ ऑगस्ट

पटसंख्येचा तक्ता आज कार्यालयाला पाठवला. हजेरी आम्ही दोन ठिकाणी घेतो. गणिताच्या तासाला माझ्या रजिस्टरात सव्वीस नावं, जीवशास्त्राच्या तासाला तानाजी सरांच्या रजिस्टरात चोवीस. बेरीज पन्नास. सुंदर अक्षरात आकडा लिहिला, खाली सही ठोकली. चाळीस मागितले, पन्नास दिले!

रसायनाला मात्र पोरं दांड्या मारतात. तिथे सगळे एकत्र बसतात, तर पन्नासातले जेमतेम सदतीस. आज पुन्हा त्यावर पंधरा मिनिटं भाषण दिलं. समोर बसलेली सदतीस पोरं माना खाली घालून ऐकत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मलाही कळतं, पण जे आलेच नाहीत त्यांना रागवायचं कसं?

१२ ऑगस्ट

हे पान लिहिताना दार लावून घेतलंय.

आज गणितात संच शिकवत होतो. दोन संचांचा संयोग करताना दोन्हीकडचे घटक दोनदा मोजायचे नाहीत, सामाईक घटक एकदा वजा करायचे. फळ्यावर दोन वर्तुळं काढली. उदाहरण जवळचं असावं म्हणून म्हणालो, समजा एका वर्तुळात गणितवाले, दुसऱ्यात जीवशास्त्रवाले.

ईश्वरीने हात वर केला. "सर, मग आपल्यात दोनी घेतलेले किती?"

हात वर करायला लावले. तेरा. या तेरा जणांच्या बापांनी डॉक्टर नाही तर इंजिनिअर, काहीतरी होईलच, म्हणून दोन्ही विषय भरलेत.

सव्वीस अधिक चोवीस वजा तेरा. वर्गाने एका सुरात उत्तर दिलं, "सदतीस!"

रोज दांडी मारणारी ती तेरा पोरं जगात नव्हतीच. ज्यांच्यावर मी दोन वेळा भाषण दिलं, ती समोरच बसून माझं भाषण ऐकत होती. एकाही कारट्याने तोंड उघडलं नाही. बाहेर आल्यावर ईश्वरी म्हणाली, "आमाला वाटलं, सर, तुमी दुसऱ्या गावच्या पोरांबद्दल बोलताव."

१४ ऑगस्ट

भगवानरावांकडे गेलो. ते अंगणात बाजेवर बसून दाढी करून घेत होते. तोंडाला फेस लावलेल्या माणसाला वाईट बातमी सांगणं सोपं जातं, त्याला मध्ये बोलता येत नाही.

फेस उतरल्यावर म्हणाले, "तीनच कमी हायेत ना? मग घाबरता कावून? टाका की तीन नावं. मतदार यादी देतो, उचला त्यातली."

"साहेब डोकी मोजणार आहेत."

"त्या दिवशी तीन डोकी बसवू आणून. गावात डोक्याला काय तोटा हाय?"

येताना सिद्धलिंगच्या दुकानात साखर घ्यायला थांबलो. त्याला कुठून कळलं देव जाणे. पुडा बांधत म्हणाला, "मास्तर, वर्ग मोडला तर पोरीला म्या गेवराईला पाठवीत न्हाई. गावात हाय तवर शिकंल. मोडला की बघा, तिच्या मामानं एक स्थळ आणलंय." आत धान्याच्या पोत्यामागे ईश्वरी उभी होती. तिने ऐकलं आणि मी ऐकलं हेही तिने पाहिलं.

वर्गात नऊ मुली आहेत. नऊही जणींची हीच गत. माझं काय, मी पुन्हा पाचवी-सहावीला अपूर्णांक शिकवीन. पण त्या पोरीची नजर मला सहन झाली नाही.

घरी येऊन रजिस्टरात तीन नावं लिहिली. पेन्सिलीने. पेनने लिहायचं धाडस झालं नाही. रुद्राणीने चहा ठेवताना ती वाचली. "ही सुमित्रा कुठं राहती?" मी म्हणालो, वस्तीवर. "कोणत्या?" मी चहा प्यायलो.

२५ ऑगस्ट

पोळा. सगळं गाव वेशीपाशी जमलेलं. एवढा मोठा समाज पुन्हा कधी मिळणार म्हणून मी ओट्यावर चढलो आणि विज्ञान शिक्षणाचं महत्त्व या विषयावर बोललो. देशाचे दरवाजे उघडलेत, उद्या कारखाने येतील, कॉम्प्युटर येतील, तेव्हा घरात दहावी पास पोर असेल तर तिला बसवून ठेवू नका. भाषण रंगात आलं तेवढ्यात भारत पाटलाचा बैल बिथरला आणि श्रोते विखुरले. पण शब्द कुठेतरी रुजतो, असा माझा अनुभव आहे.

१५ सप्टेंबरपर्यंत उशिराचे प्रवेश चालतात. म्हणजे एकवीस दिवस.

३ सप्टेंबर

महालक्ष्म्या. रुद्राणी दुपारी चारला हळदीकुंकवाला म्हणून गेली ती दिवेलागणीला परतली. वर्षातून या एका दिवशी बायकांना कुठल्याही घराचा उंबरा मोकळा असतो, हे मान्य. पण प्रत्येकच घरी जायला हवं का? खालच्या आळीला, मळ्यातल्या वस्तीवर, अगदी चतुराबाईच्या शेवटच्या घरापर्यंत! माझं इथे वर्गाचं मरण आणि हिला ओटीतल्या खारका मोजायच्या आहेत.

मी आणि मंजूने सकाळची पुरणपोळी गार खाल्ली. मी रागात आहे हे दिसावं म्हणून दूध घेतलं नाही. तिच्या लक्षातही आलं नाही. पाय दुखतात म्हणाली आणि गरम पाण्यात पाय सोडून, स्वतःशीच हसत बसली.

५ सप्टेंबर

शब्द रुजला! शिक्षकदिनाच्या दिवशीच दोन मुली शाळा सोडल्याचा दाखला घेऊन हजर. चतुराबाईची नात रोहिणी, दोन वर्षांपूर्वी दहावी झालेली, आणि मळ्यातल्या वस्तीवरची तिची मैत्रीण केसर. दोघींच्या आया बरोबर होत्या. मी विचारलं, पोळ्याचं भाषण ऐकलंत वाटतं?

"कसलं भाषण?" रोहिणीची आई म्हणाली. "काकूनं घरी येऊन सांगितलं. पोरीला मी सोबत नेईन, आणीन, म्हणाल्या. मग आमाला काय भ्याव?"

कोणत्या काकू ते विचारायचं राहिलं. भाषण ऐकलेल्या कोणाची तरी बायको असणार. एकूण गोष्ट फिरून माझ्या भाषणावरच येते. एकोणचाळीस झाले. पेन्सिलीतली दोन नावं खोडली. एक उरलं आहे, सुमित्रा.

९ सप्टेंबर

आता पद्धतशीर जायचं ठरवलं. मोठ्या कागदावर तीन वर्तुळं काढली, एकमेकांना छेदणारी. एक, गावात राहणारे. दोन, दहावीला चांगले मार्क पडलेले. तीन, शिक्षण सुटलेले. तिन्हींच्या मधल्या तुकड्यात जो कोणी सापडेल तो आपला चाळिसावा. आठवून आठवून नावं भरली. तानाजी सरांनाही बोलावलं. त्यांनी सत्तावीस नावं सांगितली. कोणी पुण्याला कंपनीत गेलं, कोणी नापास, कोणी आधीच आर्ट्सला. मधला तुकडा कोराच.

चहा पिऊन परत बसलो तर त्या मधल्याच तुकड्यात कोणीतरी हळदीचं बोट टेकवलेलं. नेमकं मधोमध! खोडरबराने घासलं, डाग जाईना, शेवटी कागद फाटला. रुद्राणीला म्हणालो, घरात काम करताना जरा हात पुसत जा. ती भांडी घासायला गेली. आज भांड्यांचा आवाज फार होता.

११ सप्टेंबर

आज भगवानरावांचा निरोप आला, "पेन्सिल झाली असंल तर आता पेननं लिवा." मी रजिस्टर काढलं, टोपण उघडलं, आणि सुमित्राच्या नावावर निब टेकवणार, तोच रुद्राणीने ट्रंकेतून एक कागद काढून रजिस्टरावर ठेवला. शाळा सोडल्याचा दाखला, तिच्या माहेरचा, मांजरसुंब्याचा. त्याखाली दहावीची गुणपत्रिका. मार्च १९८५, एकाहत्तर टक्के. गणितात दीडशेपैकी एकशे बत्तीस.

"अहो, गावात राहते का मी?"

"हो."

"मार्क कमी हायेत का?"

"नाहीत."

"शिक्षण सुटलंय का माझं?"

मी टोपण परत पेनाला लावलं.

"सत्तावीस माणसं लिवली. पुण्याला गेलेली लिवली, मेलेला तुकारामाचा पोरगा लिवला. म्या बोट टेकवलं तर कागद फाडला तुमी. हिशोबात मला धरलंच न्हाई."

मग तिला रडू आलं, आणि रडताना राग आल्यामुळे आणखी रडू आलं. म्हणाली, भावाला शिकवायचं म्हणून तिचं थांबवलं होतं. पुस्तकाला पीठ तिच्याच हाताचं लागलं होतं. आणि ती काकू कोण, हे सांगायची गरज उरली नाही.

मला लाज वाटली. साधी नाही, चांगली कान तापवणारी. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी सहावीच्या पोरांकडून दहा वेळा लिहून घेतलीय. तरी तोंडातून निघालं काय, तर "लोक काय म्हणतील? नवरा शिकवतोय आणि बायको बाकावर?"

"लोकं म्हणतील ते म्हणतील. ईश्वरीचा बाप काय म्हणंल ते बघा."

सुमित्रा खोडली. कागदावर तिचा दाब राहिला आहे, पण शाई नाही.

१५ सप्टेंबर

प्रवेशाचा शेवटचा दिवस. तानाजी सर म्हणाले, "लई बेस्ट, बे! फक्त पेपर मी तपासतो, न्हाई तर घरी जेवायला मिळायचं न्हाई तुला." भगवानरावांना आधी पटेना. मग त्यांच्या लक्षात आलं की खरं डोकं बसवायला जीप लागत नाही.

कार्यालयाला पाठवलेला पन्नासाचा तक्ता रद्द करून चाळिसाचा नवा पाठवला. अर्जावरचं नाव दाखल्याप्रमाणेच लागतं. तेव्हा रजिस्टरात लिहिलं, अनुक्रमांक चाळीस, रुद्राणी बसवेश कोरे. हे माहेरचं नाव मी लग्नपत्रिकेनंतर पहिल्यांदा नीट वाचलं. त्यात मी कुठेच नाही. जरा चमत्कारिक वाटलं. तिने मात्र रजिस्टर वळवून घेतलं आणि कितीतरी वेळ ते नाव बघत बसली.

२१ सप्टेंबर

हा दिवस मी विसरणार नाही आणि देशही विसरणार नाही.

साहेब अकराला येणार होते. साडेदहाला एसटीडी बूथवर बीडहून फोन आला की गणपती दूध पितोय. पावणेअकराला शाळा ओस. पोरं, मास्तर, स्वयंपाकघरं, सगळं गणपतीच्या देवळात. माझ्या वर्गात मी आणि मूलद्रव्यांचा तक्ता.

रजिस्टर काखेत मारून धावत देवळात गेलो. रांग पारापर्यंत. माझी पोरं तिच्यात विखुरलेली, हातात वाट्या-चमचे. मी ओरडून सांगितलं, हा पृष्ठताणाचा परिणाम आहे, वर्गात चला, प्रयोग करून दाखवतो! चतुराबाई म्हणाली, "सर, आधी नंबरला लागा, मग काय त्यो परिणाम सांगा." रांगेतली जागा सोडायला एकही तयार नाही.

इतक्यात साहेबांची जीप आली. मी घामाघूम. साहेब उतरले आणि त्यांनी हळूच विचारलं, "इथला पण पितोय का?" त्यांना थेट पुढे नेलं. त्यांनी चमचा लावला, दूध सरकलं, त्यांचे डोळे पाणावले. मग माझ्या हातात चमचा आला. रसायनाच्या माणसाने हे लिहू नये, पण मीही लावला, आणि मनात म्हणालो, चाळीस होऊ दे.

"आता शाळेत कुठं जाता," साहेब म्हणाले. "पोरं इथंच दिसतायत. घ्या हजेरी."

म्हणजे सभामंडपात, अख्ख्या गावासमोर! मी नावं वाचू लागलो. रांगेतून कुठून कुठून आवाज येत होते, "हजर सर", आणि साहेब डोकी मोजत होते. ईश्वरी म्हणाली, "हजर," तेव्हा तिच्या शेजारी सिद्धलिंग हातात लोटा घेऊन उभा होता. रोहिणी हजर. केसर हजर. एकोणचाळीस.

पुढचा अनुक्रमांक चाळीस. बायकोला मी चारचौघांत आजवर "अगं" सुद्धा म्हटलेलं नाही. भगवानराव खोकले. मी डोळे रजिस्टरात रोवले आणि म्हणालो, "रुद्राणी बसवेश कोरे."

"हजर, सर."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी पदर, मंगळसूत्र, हातातली वाटी पाहिली. "या बाई विद्यार्थिनी? मास्तर, नाव भरायला बसवल्यात काय? कोण आहेत या?"

"माझी बायको आहे, साहेब," मी म्हणालो. आवाज चांगलाच मोठा निघाला. "आणि माझी विद्यार्थिनी आहे. दाखला बघा, गुणपत्रिका बघा, आणि तिलाच विचारा."

साहेबांनी विचारलं, पहिली वीस मूलद्रव्यं म्हणा. रुद्राणीने वाटी ईश्वरीकडे दिली, पदर खोचला आणि हायड्रोजनपासून सुरू झाली. निऑनपर्यंत लोक कुजबुजत होते. सोडियमनंतर गप्प झाले. कॅल्शियमला पोचली तेव्हा चतुराबाई म्हणाली, "बया, ही कोणच्या देवाची नावं म्हणायचीत?"

साहेबांनी खिशातलं पेन काढून पटसंख्येच्या तक्त्यावर आकडा लिहिला. मी वाकून पाहिलं. चाळीस. सिद्धलिंग माझ्याकडे आला, प्रसादाची साखर माझ्या तळहातावर ठेवली आणि मान हलवली.

४ ऑक्टोबर

कार्यालयाचं पत्र आलं. वर्ग कायम. ईश्वरीच्या मामाला सिद्धलिंगने कळवलं म्हणे, पोरगी बारावी होईस्तोवर विचारू नका. बारावीनंतरचं बारावीनंतर. मी पत्र फळ्यापाशी उभं राहून वाचून दाखवलं तेव्हा नऊ अधिक तीन, बारा मुलींनी एवढा गलका केला की शेजारच्या वर्गातून तक्रार आली.

घरचं म्हणाल तर सकाळची कणीक आता मी मळतो. पाण्याचं प्रमाण चुकतं. रसायन शिकवणाऱ्याला हे शोभत नाही, असं मंजूचं मत आहे.

७ ऑक्टोबर

पहिल्या चाचणीचे पेपर वाटले. रसायनाचे पंचवीस मार्क. ईश्वरीला चोवीस. रुद्राणीला साडेतेवीस. तानाजी सरांचा सल्ला न मानता पेपर मीच तपासले होते, आणि पक्षपाताचा आळ नको म्हणून तिचा पेपर जरा जास्तच कडक तपासला होता. हे इथे लिहायला हरकत नाही.

पेपर घेऊन ती जागेवर गेली आणि लगेच उभी राहिली. "सर, गंजाच्या समीकरणाला अर्धा मार्क कापलाय."

"रीत लिहिलेली नाही," मी म्हणालो. "नुसतं उत्तर आहे. मधल्या पायऱ्या कुठे आहेत?"

"तोंडी केलं, सर. लोखंड इकडं चार, तिकडं चार. प्राणवायू इकडं सहा, तिकडं सहा. यात लिवायचं काय?"

"परीक्षेत रीत दाखवावी लागते."

"पेपरात कुठं लिवलंय, रीत दाखवा म्हणून?"

मी प्रश्नपत्रिका पाहिली. लिहिलेलं नव्हतं. मी म्हणालो, बाकीच्यांनी दाखवली आहे. त्यावर मागच्या बाकावरून ईश्वरी उठली. "आमाला तोंडी येत न्हाई म्हणून दाखवली, सर. त्यांचं बरोबर हाय."

घरी बोलू, असं माझ्या तोंडावर आलं होतं. रुद्राणी माझ्याकडे बघत होती. वर्गातल्या चाळीस जणांतली एक, पेपर हातात धरून, अर्ध्या मार्कासाठी उभी.

मी लाल पेन काढलं, तिच्या बाकापाशी गेलो आणि अर्धा मार्क वाढवला. घरी नाही. वर्गात, सगळ्यांसमोर.